नव्याआधीचे चार दाणे

जव्हारच्या बाजारात नव्या भाताचे पोहे आले की मी रस्ता बदलते. डेपोकडून खाली उतरताना बायका टोपल्या मांडून बसलेल्या असतात. टोपलीत हिरवट, अजून जरासे ओलसर पोहे, वर एक पान झाकलेलं. त्या मला ओळखतात. टीव्हीमुळे नव्हे, पाण्याच्या टाकीसाठी मी भांडले त्यामुळे. एखादी हमखास हाक मारते, "ताई, चाखून तरी जा," आणि मूठ पुढे करते. नको म्हणावं तर तिला वाईट वाटतं, आणि खाल्लं तर जे होतं ते मी एकदा भोगलेलं आहे. म्हणून मी पलीकडच्या कडेनं, भांड्यांच्या दुकानांवरून, मोबाइल कानाला लावून घाईघाईनं चालू लागते. फोनवर कुणीही नसतं. तीस वर्षं अभिनय केला, त्याचा एवढा तरी उपयोग होतो.

त्या बायकांच्या घरी नवं होऊन गेलेलं असतं. आमच्या घरी व्हायचं असतं, एवढीच अडचण.

आश्विन सरत आला की आमचं पठार फार देखणं दिसतं. पाऊस गेलेला असतो, ओल गेलेली नसते. लवकर येणारं हळवं भात पिवळं झालेलं, उशिराचं गरवं अजून हिरवंच, आणि वर उतारावर खुरासनीची पिवळी फुलं. नागलीची कणसं मुठी मिटून बसलेली. सकाळी दहा हातांवरचं दिसू नये इतकं धुकं आणि दुपारी डोक्यात जाणारं ऊन. दाभोशाचा धबधबा पावसाळ्यात कुणाला बोलू देत नाही. या दिवसांत त्याचाही आवाज उतरतो आणि पाड्यावरच्या बायकांचा चढतो. कापणीला वाकलेली बाई बोलल्याशिवाय कशी राहील. वाकून दिसतं काय, तर पेंढा आणि शेजारणीचे पाय.

मला हे दिवस आवडतात ते त्या एका वर्षामुळे. त्या वर्षी मी पहिल्यांदा निवडणुकीला उभी राहिले होते.

माझे वडील जव्हार डेपोत कंडक्टर होते. आमचं मूळ घर दाभोशाच्या अलीकडे एका पाड्यावर. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे खळं. वडिलांची बदली ठाण्याला झाली तेव्हा मी शाळेत होते. पुढे नाटक, मग मालिका, आणि मग एका मालिकेत मी दहा-बारा वर्षं आई झाले. पांढरी कडा असलेल्या साड्या नेसून देवघरासमोर रडायचं, हे माझं मुख्य काम. रडता रडता मुलांना माफ करायचं, हे दुसरं. महाराष्ट्रात अशी घरं होती जिथं संध्याकाळचा कुकर माझ्या रडण्यावर लागायचा. त्यामुळे पक्षानं जेव्हा जिल्हा परिषदेचं तिकीट देऊ केलं, तेव्हा प्रचाराचं बघणारे शिरीषराव म्हणाले, "मॅडम, तुम्हाला प्रचार कसला करायचाय. तुमचा चेहरा घराघरात आहे."

चेहरा घराघरात होता खरा, पण त्या घरांत वीज होती. आमच्या पाड्यांवर माझ्या मालिकेच्या वेळेला नेमकी ती जायची. पहिल्याच आठवड्यात आम्ही वावर गावाच्या पुढे वांगणीला गेलो. जीप जिथं थांबली तिथून पुढे चालायचं होतं. मी ठरवून गडद साडी नेसले होते, कारण रडक्या आईची पांढरी कडा लोकांनी लांबून ओळखली असती आणि गर्दी झाली असती. गर्दी झाली नाही. एका अंगणात चार-पाच माणसं बसली होती. शिरीषरावांनी विचारलं, "ह्यांना ओळखलंत का?" त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "नाक कंडक्टरबाबाचं हाय." मग बाकीचेही नाकाकडे बघू लागले. म्हाताऱ्यानं सांगितलं, "डोंगरावरून कोनी धावत येताना दिसला का तुझा बा घंटी मारीत नसे. गाडी उभी ठेवी. डायवर चिडे." वांगणीत माझा प्रचार झाला तो एवढाच, आणि तो वडिलांनी कधीच करून ठेवला होता.

परतताना शिरीषराव हिरमुसलेले होते. मी मात्र खूश होते. एवढ्या वर्षांत माझं नाक वडिलांचं आहे हे कुणी म्हटलं नव्हतं. मेकअपवाले त्याला 'जरा बसकं' म्हणायचे आणि बाजूनं सावली द्यायचे.

पण आमच्या पाड्यावर, आमच्याच घरात, गोष्ट इतकी सोपी नव्हती. घरात फुई होती. वडिलांची थोरली बहीण. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. तरुणपणी नवरा गेला तशी ती माहेरी परतली आणि वडील नोकरीवर असताना घरची शेती तिनंच कसली. सत्तरी ओलांडलेली, वाळलेल्या शेंगेसारखी, बोलायला कमी आणि बघायला जास्त. मी प्रचारासाठी घरी मुक्काम टाकला तेव्हा तिनं चटई दिली, पाणी दिलं, कोरा चहा दिला. चांगला कप दिला. तो कप बघूनच माझं मन खट्टू झालं, कारण घरातली माणसं अल्युमिनियमच्या पेल्यातून प्यायची आणि कप फक्त ग्रामसेवकासाठी काढला जायचा.

विरोधकांनीही तेच धरलं होतं. ते फिरून सांगत, "ती पाहुणी आहे. निवडणूक झाली की जाईल." भाषणात मी त्याचं उत्तर द्यायची, टाळ्याही पडायच्या. पण संध्याकाळी घरी आले की पुढ्यात तो कप. मला मतं हवी होती, नाही कशाला म्हणू. त्याहून जास्त मला तो पेला हवा होता. निवडणूक हरले असते तर पुन्हा मालिका मिळाली असती. आया काही कमी लागत नाहीत. पण या घरात मी कोण, हे एकदा फुईच्या तोंडून कळायला हवं होतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

मी जवळीक करायला गेले की आणखी घोटाळा व्हायचा. लहानपणीची बोली मला आठवत होती, पण अर्धीमुर्धी. टीव्हीवर काम मिळावं म्हणून मी 'पानी'चं 'पाणी' करायला वर्ष घातलं होतं. आता उलटा प्रवास सुरू केला. एकदा मी फुईला म्हटलं, "फुई, मी पानी आनू का गं?" ती चुलीपुढून वळली आणि कितीतरी वेळ हसली. "असां कोन बोलतं?" ती म्हणाली. "नाटकातलां बोलू नको. तुझां आहे तसां बोल, मला समजतं." त्यानंतर मी माझं बोलत राहिले आणि ती तिचं. आमचं बरं जमलं. कप मात्र तोच राहिला.

आता नव्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे शेतात भात पिकलं तरी ते लगेच खायचं नसतं. कणसरी ही आमची धान्याची आई. भगत दिवस सांगतो, त्या दिवशी नवे तांदूळ कांडून शिजवायचे, कणसरीला आणि घरच्या देवांना पानावर वाढायचं, मगच माणसांनी खायचं. त्याला नुसतं 'नवं' म्हणतात. तोवर कापा, झोडपा, वारवा, रास करा. पण दाणा तोंडात घालायचा नाही. शेतात काम करणाऱ्या लेकुरवाळ्या बायकासुद्धा पोराच्या हातातलं कणीस काढून घेतात. आणि आमच्या पाड्यात पहिलं नवं आमच्या घरात शिजायचं. घर सगळ्यात जुनं म्हणून तो मान. आमच्या कौलांतून धूर निघाला की मग बाकीच्या चुली पेटायच्या. फुईला दागिन्यांची हौस नव्हती, पण या धुराचा तिला अभिमान होता.

हे सगळं मला ठाऊक होतं. लहानपणी मीच कणीस तोंडात घातलं म्हणून आजीनं हातावर चापट मारल्याचं आठवतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

झालं असं. कापणी सुरू होती. शिरीषरावांना माझा शेतातला फोटो हवा होता. आमच्याच वावरात, हातात विळा, डोक्याला पदर. फोटोग्राफर ठाण्याहून आणलेला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि मी उभी राहिले. आता हे नट मंडळींनाच कळेल. कॅमेरा लागला की नुसतं उभं राहणं आम्हाला जमत नाही. हाताला काहीतरी काम लागतं. मालिकेत मी दहा वर्षं बोलता बोलता मटार सोलले, गहू निवडले, लाडू वळले आणि वळता वळता चिमूट तोंडात टाकली, कारण आई खरी वाटते ती अशा चिमटीनं, हे मला एका दिग्दर्शकानं शिकवलं होतं. माझ्या हातानं आपणहून एक लोंबी ओढली, तळव्यावर चोळली, फुंकर घालून टरफल उडवलं आणि चार दाणे तोंडात टाकले. दाणे गोड होते. मी हसले.

"वा," फोटोग्राफर म्हणाला. "पुन्हा एकदा, मॅडम. उजेड तोंडावर घेऊन."

आणि मी पुन्हा केलं. हे सांगताना मला आजही हसू येतं आणि कानही तापतात. पाप करणारी माणसं जगात खूप असतील, पण उजेड बरा यावा म्हणून दुसरा टेक देणारी मीच.

बांधावर फुई उभी होती. तिनं विळा खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं आणि तोंडातले दाणे थुंकावेत की गिळावेत हेच कळेना. गिळले.

शिरीषरावांना फोटो इतका आवडला की आम्ही वावरातून निघायच्या आत, रेंज मिळते त्या टेकाडावर चढून त्यांनी तो चारी दिशांना पाठवून दिला. भिवंडीला बारमाही नोकरीला असलेल्या आमच्याच पाड्याच्या माणसांनी तो बघितला आणि घरी फोन केले. संध्याकाळपर्यंत विरोधकांचा निरोप सगळ्या पाड्यांवर फिरत होता: बघा, नव्याच्या आधी खाते, हिला आपला रिवाज तरी माहीत आहे का. त्यांनी एकही शब्द खोटा लिहिला नव्हता.

सकाळी रावजी भगत आमच्या खळ्यावर आला. मागोमाग पाडा आला. शिरीषरावही आले, रात्रभर जव्हारला लॉजवर तळमळल्यासारखे. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तसं काही नव्हतं. लोकांना एकच घाई होती. नवं खाल्ल्याशिवाय घर सोडून कुणी बाहेर कामाला जात नाही. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांच्या गाड्या दिवाळीनंतर येणार होत्या, आणि दोष निस्तरल्याशिवाय भगत नव्याचा दिवस सांगणार नव्हता. माझ्या चार दाण्यांसाठी सगळ्या पाड्याचं नवं अडलं होतं.

रावजी भगत म्हणजे बारीक अंगाचा, सदऱ्याच्या खिशात तंबाखू आणि मोबाइल एकत्र ठेवणारा माणूस. त्यानं मला आधी काही विचारलंच नाही. फुईला विचारलं.

"पोर घरची का पाहुनी?"

हे तो का विचारतोय ते मला कळलं नाही. शेजारच्या बाईनं हळूच सांगितलं. पाहुण्यानं नव्याच्या आधी खाल्लं तर दोष नाही. त्याचे देव त्याच्या गावी, त्याचा हिशेब तिकडे. घरच्या माणसानं खाल्लं तर दोष घराला लागतो.

शिरीषराव वाटच बघत होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "मॅडम ठाण्याच्या. आधारवर पत्ता ठाण्याचा होता परवापर्यंत. पाहुण्याच त्या." मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात, "हो म्हणा. आजच्या आज मिटेल."

खळ्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर दोष गेला असता, गाड्या वेळेवर गेल्या असत्या, फुईचा पहिल्या धुराचा मान राहिला असता. पाहुणी हा शब्द मी भाषणातून महिनाभर खोडत होते आणि आता तोच मला सोडवायला आला होता. फुईला माझ्यापायी खाली बघावं लागू नये म्हणून मी तो उच्चारायला तोंडही उघडलं. खरंच उघडलं. आवाज फुटेना. रडायची बाई मी. हुकमी रडू शकते, डाव्या डोळ्यानं आधी की उजव्या, तेही सांगा. त्या दिवशी तेसुद्धा येईना.

फुई पेंढी बांधत होती. गाठ मारून होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"पाहुनी कशी होल?" ती म्हणाली. "नाक बघ ना तिचां."

कुणीतरी हसलं. भगत हसला नाही. "मग दोष तुमचे घराला, फुई. समजून सांग."

"समजून सांगतंय. घरची हाय. दोष घराचा."

"मग तुमचां नवां सगल्यांचे शेवटी. पाड्यातली सगली घरां खातील, मग तुमची चूल पेटंल."

"पेटंल शेवटी," फुई म्हणाली आणि दुसरी पेंढी ओढली.

एवढंच झालं. दोषापायी देवाला एक कोंबडा ठरला, नव्याचा दिवस ठरला, लोक आपापल्या वावरात गेले. शिरीषराव मला म्हणाले, "आपण हातानं नुकसान करून घेतलं. आता दोष अधिकृत झाला." मी खळ्याच्या कडेला बसून राहिले होते. माझ्याच्यानं उठवत नव्हतं, इतका आनंद झाला होता. आनंदाची ती तऱ्हा मला ठाऊक नव्हती. मालिकेत आनंद झाला की पेढे वाटायचे आणि मागे सनई वाजायची.

त्या संध्याकाळी फुईनं चहा केला. कप काढला नाही. वाकडा, काठाला पोचा आलेला पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "चटका लागंल, पदरानं धर." मला चटका लागला.

शिरीषरावांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गोष्ट पाड्याबाहेर पसरली. दोन दिवसांनी मोखाड्याच्या बाजूला सभा होती, शाळेच्या पडवीत. मी रस्ते, दवाखाना, एस.टी.च्या फेऱ्या असं पाठ केलेलं बोलत होते. मागून एक बाई उठली. कडेवर मूल, हातात विळा तसाच. "नव्याचे आधी खाल्लां ती तूच का?" तिनं विचारलं. शिरीषरावांनी कपाळाला हात लावला.

"मीच," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय. आमचं घर शेवटी खाणार."

"तुझी फुई कबूल झाली?"

"तीच म्हणाली."

बाईनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग बरां," ती म्हणाली आणि खाली बसली. "आता पान्याचां बोल." त्यानंतर मी जे बोलले ते पाठ केलेलं नव्हतं, आणि लोकही मधेमधे बोलले. मला वाटतं ती माझी पहिली खरी सभा.

नव्याच्या दिवशी शिरीषरावांनी दुसरीकडे तीन सभा लावल्या होत्या. मी गेले नाही. त्या दिवसाइतका निवांत दिवस माझ्या आयुष्यात क्वचितच आला असेल. सकाळपासून पाड्यात मुसळांचे आवाज. शेजारच्या घरातून पहिला धूर निघाला तेव्हा मी चोरून फुईकडे बघितलं. तिनंही तो बघितला होता. ती उठून आत गेली आणि कालची नागलीची भाकर घेऊन आली. अर्धी मला, अर्धी तिला, वर मिरचीचा ठेचा. आम्ही ओट्यावर बसून ती चावत राहिलो. भोवताली नव्या भाताचा वास. नव्या तांदळाचा वास ज्यांनी घेतला नसेल त्यांना कसा सांगू. दुधाचा असतो थोडा, थोडा पावसाचा. एकेका घरातून तो येत होता आणि माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं. एक घर झालं की तिथली बाई अंगणात येऊन ओरडून सांगायची, "आमचां झालां गं फुई." फुई हात वर करायची. कुणी टोमणा मारला नाही. उलट त्या दिवशी सगळ्यांनी जरा घाईनंच खाल्लं असावं. वाड्या-पाड्यावर जेवण असं भरभर उरकतं ते कुणीतरी खोळंबलं असलं की.

वाट बघता बघता फुई बोलायला लागली. वडिलांचं बालपण, त्यांना पडलेला मार, त्यांनी पहिल्या पगारात आणलेला कंदील. मी टीव्हीत काय करते हे तिनं पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं, आई होते आणि रडते. "कशाला?" तिनं विचारलं. मला एकही कारण आठवेना. दहा-बारा वर्षं रडले आणि एक कारण सांगता येईना. मी म्हटलं, "मुलं ऐकत नाहीत म्हणून." फुई म्हणाली, "मग त्यात काय रडाचां?" आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

ऊन कलल्यावर शेवटच्या घरातून हाक आली. फुईनं चूल पेटवली. मला मुसळ दिलं. मी कांडताना निम्मे तांदूळ बाहेर उडवले, ते तिनं एकेक वेचले. पळसाच्या पानांवर वाफाळता भात, उडदाची डाळ, काकडीचा तुकडा. आधी कणसरीचं पान, मग घरच्या देवांचं, मग गेलेल्या वडिलांच्या नावानं एक. मग फुईनं माझ्या पानावर वाढलं आणि म्हणाली, "आता खा. आता कोनी फोटो काढंल तरी खा." फोटो काढायला कुणीच नव्हतं. त्या घासाचा एकही फोटो नाही, आणि तो मला सगळ्यात नीट आठवतो.

निवडून आले. थोडक्यात आले, पण आले. शिरीषराव आता दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा घराघरात पोचवत आहेत. दिवाळीला फोन करतात. पत्रकार येतात आणि हमखास विचारतात, अभिनय आणि राजकारण सारखंच ना. मी त्यांना चहा देते. सारखं कसं असेल? सेटवर चूक झाली की पुन्हा करता येते. इथं केलेली चूक कुणाच्या तरी घरात जाऊन बसते आणि त्या घराला ती सांभाळावी लागते. ते एकदा कळलं की माणूस सही करायच्या आधी दोनदा वाचतो. वांगणीच्या रस्त्याचं काम अर्धं झालं आहे. अर्धंच झालं आहे हे मी स्वतः सांगते, म्हणजे दुसऱ्यांना सांगावं लागत नाही. टाकीला पाणी येतं. मोखाड्याच्या बाजूची ती बाई आता तिच्या गावची सरपंच आहे आणि मला सभेत अजून "मग?" असंच विचारते.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. धुकं तेच, खुरासनी तीच. परवा विश्रामगृहावर बैठक झाली, नंतर जेवण होतं. ताटात नवा भात. वास आला आणि मी ताट हळूच सरकवलं. शेजारी बसलेले अधिकारी नवीन होते. "मधुमेह का?" त्यांनी काळजीनं विचारलं. मी म्हटलं, "नाही, आमच्या घरी अजून नवं व्हायचंय." त्यांना काही कळलं नाही. वाढणाऱ्या बाईला कळलं. तिनं न विचारता माझ्यापुढे नागलीची भाकर आणून ठेवली.

एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं कळत नव्हती. ती शिक्षा त्या एका हंगामापुरती होती. तरी आमचं घर अजूनही सगळ्या पाड्याच्या शेवटी नवं खातं. मी बैठका, मंत्र्यांचे दौरे, रस्त्यात बंद पडलेली जीप असं करत कितीही उशिरा पोचले तरी चूल पेटायची असते. मला वाटे, दोष अजून फिटलेला नाही आणि फुई माझ्यापायी अजून शेवटी बसते आहे. परवा बाजारात रावजी भगत भेटला तेव्हा मी धीर करून विचारलंच, "भगतबाबा, आमच्या घराचा दोष फिटायचा कधी?"

तो तंबाखू मळत होता. "तो? तो तवाच फिटला. त्याच वर्षी."

"मग पुढच्या वर्षी पहिला मान परत का नाही दिला?"

"दिला ना. मी सोता गेलो सांगायला, फुई, यंदापासून पयला धूर तुझा." त्यानं चिमूट गालात ठेवली. "तीच नाय बोलली. बोलली, आमचां शेवटीच राहू दे. पोरीला यायला वेल लागतो."